शेळीच्या रंगाचं रीळ

मी नुकतीच अकरावी मॅट्रिक झाले होते. भरतकामाच्या परीक्षेला दोनच दिवस उरले होते आणि पायमशीनवर भरलेला माझा कुत्रा हुबेहूब बटाटा दिसत होता. आणखी एका छटेचं तपकिरी रीळ घ्यावं म्हणून ते कापड घेऊनच नवी पेठेत गेले, तर दोऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर मैंदर्गी गावाहून आलेली एक बाई चक्क शेळी घेऊन उभी! एकेक रीळ शेळीच्या पाठीला लावून बघत होती. दुकानदार ओरडतोय, शेळी माझी ओढणी चघळतेय आणि मी हसून हसून बेजार.

"उशीवर हिलाच भरायची हाय," ती म्हणाली. मग माझं कापड बघून, "अय्यय्यो, ह्यो बटाटा व्हय?"

"कुत्रा आहे हो, मावशी!"

तिने माझा हात धरून शेळीच्या पाठीवरून फिरवला. मानेकडून शेपटीकडे नेला तर पाठ उजळ दिसली, उलटा नेला तर काळपट.

"बघितलीस? एकाच केसात दोन रंग हायत. केस वळत्यात तसा टाका वळीव की. तुजे समदे टाके आडवे. असलं जनावर चावतंय बग!"

वीस रिळं धुंडाळून तिने एकच घेतलं आणि शेळीला ओढत गर्दीत शिरली. नाव विचारायचंही राहिलं. मी रीळ न घेताच घरी पळाले, अख्खा कुत्रा उसवला आणि घरातल्या त्याच एका रिळाने पुन्हा भरला.

परीक्षक बाई भारी कडक. नाकावर चष्मा ओढून त्यांनी टाके तपासले आणि मार्क लिहायच्या आधी, नकळत, कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. मानेकडून शेपटीकडे.