खोबरेलात बुडालेली खिंड

खोबरेल थंडीत थिजतं, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाटली उन्हात ठेवायची, पातळ झालं की डोक्यावर थापायचं, विषय संपला. हे ज्ञान माझा शाळेतला मित्र आल्प्सच्या डोंगरात घेऊन आला आणि माझ्या तोंडचा घास गेला. इतकी वर्षं झाली, तरी ती गोष्ट निघाली की माझं डोकं सटकतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी ऑस्ट्रियात यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. घरी कोल्हापूरच्या राजारामपुरीत आई-बाबा, आणि बाबांची स्वतःची लोखंड ओतायची छोटी फौंड्री. मी तीन वर्षं तिकडं शिकायचं आणि मग परत येऊन फौंड्री सांभाळायची, हे ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते विचारू नका, मलाही कुणी विचारलं नव्हतं.

तिकडचे लोक स्की पायाला बांधून नुसते खाली घसरत नाहीत, डोंगर चढतातसुद्धा. त्यासाठी स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. पट्टीच्या एका बाजूला बारीक लव असते, ती पुढं सरकू देते पण मागं घसरू देत नाही. दुसऱ्या बाजूला डिंक. माथ्यावर पोचलं की पट्टी सोलून पिशवीत टाकायची आणि पलीकडं सुसाट उतरायचं. मुक्काम डोंगरातल्या लाकडी घरात, सकाळी पुढची वाट. असे चार-चार दिवस.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं भिंतीवर एका खिंडीचा फोटो लावला होता. दोन काळ्या कड्यांच्या मधे पांढरी खाच, बस्स. मी तीन वर्षं रोज ती बघत होतो. पहिल्या हिवाळ्यात मला स्कीवर धड उभं राहता येत नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात बर्फ कोसळायची भीती म्हणून आम्ही खिंडीच्या पायथ्यावरनं माघारी आलो. तिसरा हिवाळा शेवटचा. मे महिन्यात माझं विमान होतं.

मित्र कसबा बावड्याचा, घरी ऊस, अंग तालमीतलं. आमच्याच कारखान्यात ट्रेनिंगला आला होता. स्की शिकला तो पडून पडून, पण मांड्या अशा की चढावर आम्हाला मागं टाकायचा. मधे सुट्टीला घरी जाऊन आला, तेव्हा आईनं त्याच्याकडं माझ्यासाठी घाण्यावरचं खोबरेल दिलं. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, टोपणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वर रबर. आईची पॅकिंगची ही पद्धत जन्मात कधी गळली नाही.

"काकूंनी बजावलंय, रोज हाताला लावायचं," तो म्हणाला. "हात फुटत्यात म्हणून फोनवर तूच रडलास न्हवं?"

एप्रिलमध्ये आम्ही निघालो. सहकारी, त्याची बायको, मित्र आणि मी. दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीखालच्या लाकडी घरात पोचलो. आकाश असं निळं की दृष्ट लागावी. घर चालवणारी बाई म्हणाली, उद्या स्वच्छ, परवापासून बर्फ. म्हणजे उद्याच. चौघांनी ओल्या पट्ट्या चुलीवरच्या तारेवर वाळत घातल्या आणि मी जेवून लवकर आडवा झालो.

मित्राचे हात काठ्या धरून सोलवटले होते. त्याला माझ्या पिशवीतलं खोबरेल आठवलं. ते दगड झालेलं. यानं रबर काढलं, प्लास्टिक काढलं, चमच्याच्या दांड्यानं उकरून बघितलं. निघेना. मग टोपण नुसतं टेकवलं आणि बाटली चुलीवर, तारेच्याही वर असलेल्या फळीवर आडवी ठेवून दिली. आणि झोपला की बाबा.

सकाळी बाटली अर्धी रिकामी होती. तारेवर चौघांच्या पट्ट्या, पण तेल गळलं ते नेमकं माझ्या दोन्हींवर, डिंकाच्या बाजूनं.

"जरा तेल लागलंय," मित्र म्हणाला.

जरा! चिंध्यांनी पुसलं, सहकाऱ्यानं चिकटपट्टी गुंडाळून दिली. पहिल्या उभ्या चढावर डावी पट्टी सुटली आणि मी पाठीवर आपटलो. परत बांधली, परत सुटली. वर खिंड एवढी जवळ की कड्यावरच्या भेगा दिसत होत्या. स्की काढून चालायला गेलो तर मांडीपर्यंत रुतलो. रडायचाच बाकी होतो.

"माझ्या स्की घे की," मित्र म्हणाला. "तू जा. मी थांबतो."

नुसत्या पट्ट्या बदलून भागत नव्हतं, त्या ज्याच्या त्याच्या स्कीच्या मापाच्या कापलेल्या, आणि स्कीला बूट अडकतो तोही ज्याचा त्याच्या मापाचा. म्हणून मी बर्फात बसून त्याचे बूटही घालून बघितले. खलबत्त्यात लवंग. उभंसुद्धा राहता येईना. सहकारी उन्हाकडं बघायला लागला, कारण दुपारी तिथला बर्फ सैल होतो आणि रेंगाळून चालत नाही. त्यांची गाडी खिंडीपलीकडच्या गावात होती. ते दोघं पुढं गेले. मी मित्राला म्हणालो, तूही जा.

"तुला सोडून? येडा हायस काय?"

म्हणजे मला एकट्याला चिडायचीही सोय ठेवली नाही. उतरताना वाटभर मी त्याला मराठीत झापत होतो. तेल चुलीवर कोण ठेवतं? खाली कुणाचं काय टांगलंय बघायला काय झालं होतं?

"थिजलं हुतं की," तो एकदा म्हणाला. नंतर, "चुकलं भावा." बावड्याचा गडी आणि उलटून बोलेना, त्यामुळं माझा राग कुठं आदळायला जागाच नव्हती. खाली बसस्टॉपवर त्यानं उरलेलं तेल माझ्या तळहातावर ओतलं. मी ते दोन्ही हातांना चोळलं. खिंड तिथनं दिसत नव्हती.

मे महिन्यात मी परत आलो. पाठोपाठ मित्रही आला आणि एका रविवारी घरी चहाला बसला.

"तेल पुरलं का रे?" आईनं विचारलं.

"लई उपयोगी पडलं, काकू," मित्र म्हणाला. मला ठसका लागला.

आई खूश. मला म्हणाली, "परत जाशील तेव्हा मोठी बाटली देते."

"परत कशाला जाईल तो?" बाबा पेपरातनं मान वर न करता म्हणाले.

आल्यापासून माझ्या परत जायचा विषय कुणीतरी काढावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. माझी स्वतःची छाती होत नव्हती.

मित्रानं कप खाली ठेवला. "जायला पायजे की, काका. त्याची खिंड ऱ्हायल्या तिथं."

"कसली खिंड?" बाबांनी आता चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. मित्रही माझ्याकडंच बघत होता. बोल की आता, असं तोंड करून.

"काही नाही, बाबा," मी म्हणालो. "डोंगर आहे एक."

"डोंगर होय," बाबा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. सोमवारी मी फौंड्रीत गेलो.