डाव्या अंगठ्याचा ठसा

"माझं मला द्या, दुसऱ्याचं काढू नका," असं म्हणताना तो डावा पंजा उघडून पुढे धरायचा. आधी त्यात पाच बोटं होती, नंतर चार.

पन्नासच्या दशकात चिंचवडच्या आसपास कारखाने उभे राहू लागले, तेव्हा त्यातल्या एका कारखान्यात मी हजेरी कारकून होतो. तो थेरगावचा. नदी ओलांडून पायी यायचा, पत्रा कापणाऱ्या प्रेसवर उभा राहायचा. तीन वर्षांत त्याचे खाडे फक्त सहा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल: स्वतःच्या हक्काचं सोडत नाही आणि दुसऱ्याच्या वाट्याला हात लावत नाही.

जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या नळावर रांग लागे. एकदा मुकादमाचा मेहुणा त्याच्यापुढे घुसला. याने त्याला दंडाला धरून आपल्या मागे उभं केलं. मागचे ओरडले, "आरं, पार शेवटाला धाड त्याला!"

"माझा नंबर मी घेतला," हा म्हणाला. "तुमचा तुमी घ्या की राव. त्वांड हाय न्हवं?"

मागे सतरा जण होते. मेहुण्याला एकानेही हटकलं नाही.

हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला पुढे जाळी होती. जाळीमुळे काम मंदावतं, म्हणून मुकादमाने ती काढायला लावली. पाचव्या दिवशी याचा डावा अंगठा मुळापासून गेला.

तो इस्पितळात असताना मुकादमाने माझ्या टेबलावर त्याच्या नावाचा जबाब ठेवला. 'जाळी मीच काढली, चूक माझीच.' खाली अंगठा. मी साक्षीदार म्हणून सही केली. आकडे मी दोनदा तपासायचो, अंगठे तपासायची रीत नव्हती.

त्या जबाबावर त्याला कामावरून काढलं. दोन महिन्यांनी तो माझ्याकडे आला.

"बाबू, अडान्याचा डावाच अंगठा घेत्यात न्हवं? माझा तर मशीननं घेतला. मंग ह्यो कुनाचा?"

मी कागद उजेडात धरला. ठशावर तिरपी चीर होती. तो अंगठा मी रोज सकाळी मस्टरवर बघत होतो. याच्या शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याचा.

"वळाकलं न्हवं? ती चीर माझ्याच म्होरं पडली व्हती. कामावरनं काढून टाकीन म्हनून मुकादमानं लावून घेतला आसंल. त्याचं नाव काढू नका. जेलात त्यो जाईल, मुकादम खुर्चीतच ऱ्हाईल. तुमी फकस्त एवडं सांगा, सही केली तवा ह्यो मानूस म्होरं न्हवता."

"सांगतो," मी म्हणालो.

त्याच्या अर्जावरून चौकशीला सरकारी साहेब आले. मुकादम बेधडक म्हणाला, ठसा याच्याच उजव्या अंगठ्याचा आहे. साहेबांनी मला विचारलं, "तुमच्यासमोर लावला?"

मुकादम माझ्याकडे बघत होता. घरी खाणारी सात तोंडं होती.

"आठवत नाही, साहेब."

साहेब त्या थेरगावकराकडे वळले. "अंगठा कुणाचा ते सांगा, आजच निकाल देतो. नाहीतर ठसे तपासायला पुण्याला जातील. वर्षसुद्धा लागेल."

त्याचा सोबती दाराशीच उभा होता. याने तिकडे पाहिलंही नाही.

"लागू द्या," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर माझी मान वर होईना. "खोटं न्हाई बोलला तुमी," तो म्हणाला. "पर खरंबी न्हाई." आणि नदीच्या वाटेला लागला.

तो खडी फोडायला जाऊ लागला. त्याच हाताला पुन्हा जखम झाली, धनुर्वात झाला. चौकशीनंतर नवव्या महिन्यात तो गेला.

निकाल चौदाव्या महिन्यात आला. ठसा त्याचा नाही, चूक त्याची नाही. तीन ओळी. थेरगावला जाऊन मी तो त्याच्या बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचला. तिने कागद घेतला आणि मला बसा म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात त्याचा सोबती माझ्या टेबलापाशी आला. "बाबू, सही शिकवा. आता अंगठा लाववत न्हाई."

एकवीस दिवस लागले. मस्टरवर पहिली सही करताना डावा अंगठा त्याने मुठीच्या आत दाबून धरला होता. त्या पानाच्या तळाशी हजेरी तपासल्याची माझी सही करायला मला फार वेळ लागला.