ॲव्हरिलबाईंचा गुरुवार

इंग्लंडमधल्या बर्नलीच्या आमच्या कॉलेजात, सोशल वर्कच्या वर्गात सगळ्यात जास्त दरारा कुणाचा असेल, तर ॲव्हरिल एंटविसल यांचा. बाईंकडे पदवी नाही. त्यांच्याकडे आहेत सतरा सोशल वर्कर! सहाव्या वर्षी बालगृहात ठेवलं तेव्हापासून आज अडुसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांच्याकडे येऊन गेलेले. सतराही जणांची नावं बाईंना पाठ आहेत, आणि बूटसुद्धा. ज्यांनी हे सगळं सोसलं त्यांनीच नव्यांना तपासावं, म्हणून कॉलेजनं बाईंना परीक्षक नेमलं, वर त्यांच्या मताला प्राध्यापकांइतकंच वजन दिलं. झालं, आमची झोप उडाली.

परीक्षा अशी: खोलीत एक सोफा, एक किटली. सोफ्यावर बाई. आपण त्यांच्या घरी भेटीला गेल्याचं नाटक करायचं. यात पास झाल्याशिवाय खऱ्या माणसांच्या दारात पाऊल टाकता येत नाही, आणि दोनदा नापास झालात की कोर्स संपला, घरी जा.

पहिल्या वेळी मी काय रंगलो होतो! मान डोलावली, चहा घेतला. बाई म्हणाल्या, मागच्या दारापाशी धरायला दांडा हवाय, पायरीवर पाय घसरतो. मी ऐटीत म्हणालो, "चौकशी करून गुरुवारी फोन करतो." प्राध्यापक फिलिपा खूश. शुक्रवारी निकाल लागला, तर आम्ही सातही जण नापास! सातही कागदांवर बाईंचं एकच वाक्य: फोन आला नाही.

मी त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. "अहो, पण ते नाटक होतं!"

"माझी पायरी नाटकातली नाही, राजा." बाई चिप्सवर व्हिनेगर ओतत होत्या. "आणि तुम्हाला दिलेल्या कागदावर माझा फोन नंबर होता की."

"आम्हाला वाटलं..."

"मी आठ वर्षांची होते. माझी सोशल वर्कर म्हणाली, भावाला भेटता येईल का ते गुरुवारी फोनवर कळवते. बालगृहाचा फोन जिन्यात होता. कितीतरी गुरुवार मी तिसऱ्या पायरीवर बसून काढले. तिलाही काहीतरी वाटलंच असेल."

फेरपरीक्षेला पहिली पाळी माझी. बाकीच्या सहांनी मला पढवून पाठवलं, "केल्विन, काही म्हणजे काही कबूल करू नकोस!"

बाईंनी पुन्हा दांड्याचं काढलं. मी म्हणालो, "बघूया."

"मग आलास कशाला? माझा चहा संपवायला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुवारी दहा वाजता फोन करतो."

बाईंनी माझ्या बुटांकडे निरखून पाहिलं.

मग काय धावपळ! असे दांडे बसवून देतं ते कौन्सिल, म्हणजे नगरपालिका; तिथं फोन धरून चाळीस मिनिटं पियानोची धून ऐकली. तीन खात्यांनी मला एकमेकांकडे टोलवलं. शेवटी कळलं, बाईंचा अर्ज पोचलाय, पण सहा आठवडे तरी दांडा लागणार नाही. म्हणजे एवढी खटपट करून सांगायचं काय, तर नाही!

गुरुवारी दहाला कॉलेजच्या कॉरिडॉरमधून मी बाईंचा नंबर लावला. सहाजण माझ्या खांद्यावर लोंबकळत होते. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"एंटविसल."

"मी केल्विन. दांडा सहा आठवडे तरी नाही मिळणार. पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला मी पुन्हा विचारतो आणि तुम्हाला फोन करतो."

सहाही जणांनी फोनला कान लावले.

"नाही म्हणतोस?"

"नाही."

"साठ वर्षं झाली, राजा," बाईंचा आवाज जरा हलला. "नाही म्हणून सांगायला आजवर कुणी फोन केला नव्हता." मग एकदम खणखणीत, "आणि तिथं कान लावून उभ्या असलेल्या सहा गाढवांना सांग, त्यांनी पुढच्या गुरुवारची तयारी करावी!"

कॉरिडॉरमध्ये असा आरडाओरडा झाला की फिलिपा धावत आल्या.

शुक्रवारी माझ्या कागदावर होतं: फोन आला. खाली बारीक अक्षरात: अठरावा. तपकिरी बूट. पुसत जा.