खोट्या कार्डाचे सर

आमच्या सरांना देवानं दोन डोळे दिले ते एक बॉलवर आणि दुसरा मोकळ्या जागेवर ठेवण्यासाठी. जगात याखेरीज बघण्यासारखं काही असतं, हे त्यांना सत्तरीपर्यंत कुणी पटवू शकलेलं नाही. सिंगापुरात पहिल्यांदा आले तेव्हा मुलीनं त्यांना हौसेनं सगळं शहर दाखवलं. संध्याकाळी मी विचारलं, "कसं वाटलं, सर?" म्हणाले, "मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर सगळे डावीकडं उभे. उजवी विंग मोकळी सोडलीय लेका! पळायला इतकी जागा आणि पळतंय कोण? तर एक म्हातारी."

ते कोल्हापुरात माझे कॉलेजचे फुटबॉल कोच. मुलगी चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत, जावई क्लेमेंटीजवळच्या विद्यापीठात संशोधक, त्यामुळं घर क्लेमेंटीत. मीही क्लेमेंटीत राहतो आणि रोज कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत जातो. दोन हजार बाराच्या सुमारास, सरांच्या त्या पहिल्याच खेपेला, आमच्या इमारतीखालच्या नुसत्या खांबांच्या मोकळ्या जागेत एक गृहस्थ 'बॉल खेळू नये' या पाटीशी हुज्जत घालताना दिसले. पाटीशीच. समोर दुसरं कुणी नव्हतं. "एवढे खांब! फुकटचा डिफेन्स उभा करून ठेवलाय आणि वर म्हणे बॉल नको!" तो आवाज मी हजार माणसांत ओळखला असता. अठरा वर्षांनी भेटत होतो. पाया पडलो, तर म्हणाले, "पोट सुटलंय तुझं. लेफ्ट बॅक होतास की रे."

सरांची खरी करामत पाहावी ती हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या आणि सगळ्यांची सामाईक टेबलं असतात तिथं. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल आपलं, हा इथला न लिहिलेला कायदा. सरांना मात्र ती पाकिटं म्हणजे खेळाडू वाटत. एका रविवारी त्यांनी चार टेबलांवर मिळून अख्खी टीम मांडली आणि कॉलेजची एक जुनी मॅच मला समजावून देऊ लागले. ताटं हातात घेतलेली माणसं भोवती ताटकळत उभी. शेवटी टेबलं पुसणारे काका वैतागून आले, "अंकल, सो मेनी टेबल, हाऊ मेनी पीपल, लाह?" सर म्हणाले, "इलेव्हन." आणि गोलकीपर उचलून त्यांना जागा करून दिली.

जिंकल्याचा आनंद म्हणून काय तो सरांना कधी झालाच नाही. पाच गोलांनी जिंकून आलो की ते दारात उभे राहून विचारायचे, "आणि सहावा? बारला लागलेला?" आम्हाला वाटायचं हा माणूस कधी तरी शाबास म्हणेल. त्यांनी नऊ वेळा कॉलेजला विद्यापीठाची ढाल आणून दिली. तरी आज कोल्हापुरात त्यांचं नाव काढलं तर जुनी माणसं म्हणतात, "तेच ना, खोट्या कार्डाचे सर?"

त्या कार्डावर फोटो माझा होता. खोटं बोलणार नाही, म्हणून सांगतो.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील फौंड्रीत होते. माझा बी.एस्सी.चा शेवटचा केमिस्ट्रीचा पेपर आणि विद्यापीठाची फायनल एकाच दिवशी आली. त्याच फायनलला गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबाचा माणूस सरांना बघायला येणार होता. सहायक कोचची नोकरी जवळजवळ ठरल्यात जमा होती. आमच्यातले दोघे आधीच जायबंदी, राखीव कुणी उरला नव्हता. मी पेपर सोडून बूट घालून आलो. सर म्हणाले, "बूट काढ. पेन घे. ओळखपत्र इथं ठेव." परीक्षेला हॉल तिकीट पुरत होतं. ओळखपत्र कशाला, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

माझ्या जागी पेठेतला पिंट्या उतरला. कॉलेजशी त्याचा संबंध कँटीनपुरता. मिशी माझ्यासारखी, एवढंच. त्यानं गोल काय मारला म्हणता! आणि गॅलरीतली अख्खी पेठ उभी राहून ओरडली, "पिंट्या! पिंट्या!" समोरच्या कॉलेजच्या सरांनी खेळाडूंची यादी वर-खाली दोनदा वाचली. त्यात पिंट्या कुठं होता? गोव्याच्या माणसानं हातातला चहा संपवला आणि निघून गेला. ढाल गेली, नोकरी गेली, आणि जिमखान्याच्या भिंतीवरचा सरांचा फोटोही गेला. चौकशीत सरांनी सांगितलं, "कार्ड मी त्याच्या पिशवीतनं न विचारता काढलं." म्हणून माझा निकाल अडकला नाही. मी पदवीधर झालो, वडिलांनी फौंड्रीत पेढे वाटले. सरांकडं पेढे द्यायला जायचं धाडस मात्र मला झालं नाही.

आजही जुरोंग आयलंडच्या गेटवर पास दाखवताना, पहारेकरी फोटोवरून माझ्या तोंडाकडं बघतो तेवढा क्षण मला सर आठवतात. ते कार्ड त्यांनी माझ्यासाठी वापरलं की स्वतःसाठी, एवढंच मला विचारायचं होतं. दोन वर्षं टिश्यूची पाकिटं हलवत बसलो, पण तोंड उघडलं नाही.

मग आमच्या रविवारच्या मराठी टीमला, म्हणजे चाळिशीतल्या ढेरपोट्या इंजिनिअरांना, एका स्पर्धेत खेळायची हुक्की आली. कोच अर्थातच सर. सामन्याच्या सकाळी आमचा एकजण आलाच नाही. टीममधला एक बँकवाला म्हणाला, "माझा मेहुणा आलाय पुण्याहून, मस्त खेळतो. त्या गैरहजर गड्याच्या नावावर उतरवू. इथं कोण बघतंय?"

सरांनी गळ्यातली शिट्टी काढली, तिच्या दोरीची हळूहळू गुंडाळी केली आणि म्हणाले, "दहाजण खेळू."

सहा गोलांनी हरलो. नंतर बसस्टॉपवर आम्ही दोघंच होतो. मी विचारलंच. "सर, तेव्हा ते कार्ड माझ्यासाठी की नोकरीसाठी?"

त्यांनी बूट झटकले. "तुला पेपरला धाडलं ते तुझ्यासाठी. पिंट्याला उतरवलं ते माझ्यासाठी. तेव्हाही दहाजण खेळता आलं असतं की. गोवा दिसत होता ना समोर." मग बस येतेय का ते बघत म्हणाले, "पण तो पेपर कसा गेला, ते तू कधी सांगितलंच नाहीस."

"एकाहत्तर, सर. शंभरात."

"आणि राहिलेले एकोणतीस?"

मला हसू आवरेना, आणि डोळे पुसायला खिशात टिश्यूचं पाकीटही सापडेना. सरांनीच दिलं. "घे, गोलकीपर आहे. जपून वापर."

आता गुडघ्यांमुळं सरांचं इकडं येणं थांबलंय. रविवारी मी एकटाच हॉकर सेंटरला जातो आणि चहा घेऊन बसतो. समोरच्या खुर्चीपुढं एक पाकीट ठेवतो. गर्दी कितीही असली तरी ती खुर्ची कुणी ओढत नाही. कुणीतरी येणार आहे, असंच सगळ्यांना वाटतं.