अडकलेल्या लिफ्टची कादंबरी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारींचे फोन उचलणाऱ्या माणसाने कादंबरी लिहू नये, असा काही कायदा नाही. तो असायला हवा होता, असं ती लिहून बसलेल्या साहेबांच्या बायकोचं स्पष्ट मत होतं. ऑफिसातल्या मेकॅनिक मंडळींना मात्र फुकटची करमणूक मिळाली, आणि त्यांनी साहेबांना नावच पाडून टाकलं: लेखकराव.

लेखकराव एकवीस वर्षं त्याच टेबलाशी बसत होते. टेबलावर दोन फोन, एक जाडजूड तक्रारवही, पाठीमागे भिंतीवर शहरातल्या झाडून सगळ्या लिफ्टांचा तक्ता. फोन वाजला की पलीकडचा माणूस रडकुंडीला आलेला असायचा आणि लेखकराव थंडपणे म्हणायचे, "घाबरू नका. दाराला हात लावू नका. आत किती जण आहात? मेकॅनिक निघालाय." मेकॅनिक तेव्हा समोर बसून चहा पीत असायचा, पण पुढच्या मिनिटाला खरोखरच निघायचा. चाळीस मिनिटांत दार उघडलंच पाहिजे असा कंपनीचा नियम होता आणि लेखकरावांनी तो एवढ्या वर्षांत जेमतेम पाच-सहा वेळा मोडू दिला होता. माणूस कामाला चोख. पण त्याबद्दल कोणी कधी चकार शब्दाने कौतुक केलं नाही. सुटलेला माणूस आधी कंपनीला शिव्या घालतो आणि मग घरी जातो. फोन उचलणाऱ्याला आभार मानायला कोणी परत फोन करत नाही.

एकवीस वर्षांची ही उपासमार होती, हे लक्षात ठेवलेलं बरं. म्हणजे पुढचं वाचताना त्यांचा फार राग येणार नाही. थोडा येईलच.

झालं असं, की मुलीने त्यांच्या मोबाईलवर कथा-कादंबऱ्यांचं एक ॲप घालून दिलं. तिने दिलं होतं वाचायला. लेखकरावांनी दोन कथा वाचल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "यापेक्षा बरं तर मी लिहीन." महिन्याभरात त्यांनी 'दोन मजल्यांमध्ये' या कादंबरीचा पहिला भाग टाकलासुद्धा. बारा वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन प्रेमी योगायोगाने एकाच लिफ्टमध्ये शिरतात आणि लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये बंद पडते. कल्पना वाईट नव्हती. पाच भागांत संपवायची असं ठरलं होतं.

पहिला भाग एकशे चाळीस लोकांनी उघडला. त्यातल्या एका अनोळखी माणसाने खाली लिहिलं, 'आवडलं.' एवढंच. लेखकरावांनी तो शब्द बायकोला दाखवला, मुलीला दाखवला, तीन मेकॅनिकना दाखवला आणि परत घरी जाताना इमारतीच्या वॉचमनलाही दाखवला. कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी खुर्चीत बसून, काही ओळखदेख नसताना एका माणसाने आपलं लिहिलेलं वाचलं होतं! यात हसण्यासारखं काही नाही. तो दिवस खरोखर चांगला होता, आणि त्यांचं नशीब की त्यांनी तो भरभरून उपभोगला, कारण पुढे सगळा आकड्यांचा कारभार सुरू झाला.

ॲपचा स्वभाव सासुरवाशिणीला छळणाऱ्या सासूसारखा होता. रोज सकाळी मोबाईल टिणटिणायचा: 'तुमचे वाचक वाट पाहत आहेत.' एक दिवस चुकला की यादीत नाव घसरायचं. भाग जितके जास्त तितकी वाचनं जास्त, आणि कादंबरी संपली की ती यादीतून जवळजवळ गायबच. मग कोण शहाणा संपवेल? पाचाचे पंधरा झाले, पंधराचे चाळीस. लिफ्ट जागची हलेना. आत नायकाला कॉलेज आठवलं, मग शाळा आठवली, मग मावशीचं लग्न आठवलं, त्यात तीन भाग गेले. नायिका चार वेळा बेशुद्ध पडली. ऑफिसात चाळीस मिनिटांच्या वर कोणाला अडकू न देणाऱ्या माणसाने कादंबरीत दोन जिवांना तीन महिने कोंडून ठेवलं होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

त्यात भर म्हणून लेखकरावांना मंडळ भेटलं. ॲपवर लिहिणाऱ्या एकतीस जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. नियम साधा: सकाळी नऊपर्यंत प्रत्येकाने आपल्या नव्या भागाची लिंक टाकायची, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने बाकीच्या तिसांना पाच-पाच चांदण्या आणि किमान दोन ओळींचा अभिप्राय द्यायचा. असं एकतीस जणांनी एकमेकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, आणि कोणी खाली बघायचं नाही.

आता रोज तीस भाग वाचायचे म्हटलं तर नोकरी सोडावी लागली असती. लेखकराव पद्धतशीर माणूस. त्यांनी नऊ अभिप्राय तयार करून मोबाईलमध्ये क्रमांक घालून ठेवले आणि शीर्षक बघून चिकटवायची शिस्त लावून घेतली. शीर्षकात 'मन' किंवा 'आठवण' असेल तर दोन नंबर: 'डोळ्यांत पाणी आणलंत. शब्द अपुरे आहेत.' 'पाऊलवाट', 'क्षितिज' असलं काही असेल तर सहा नंबर. 'रात्र', 'सावली', 'अखेरचा' असेल तर रहस्यकथा समजून चार नंबर: 'बाप रे! शेवट अगदी अनपेक्षित. मजा आली. पुढचा भाग लवकर येऊ द्या.' एका कानाला फोन, आत अडकलेल्याला धीर देणं चालू, आणि दुसऱ्या हाताने बारा मिनिटांत तीस अभिप्राय. बाकीचेही तेच करत असणार, ही शंका त्यांना कधी आली नाही. त्यांना वाटे, आपल्याला मिळतात ते खरे.

मंडळात फक्त एकच बाई बिनशिस्तीच्या होत्या. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. कधीमधी आपल्या नोकरीतली एखादी आठवण टाकायच्या, आणि जेवढं वाचलं तेवढ्यावरच अभिप्राय द्यायच्या. दुर्दैवाने त्या लेखकरावांची कादंबरी वाचत. 'सातव्या भागात नायकाचा डावा हात मोडलाय. अकराव्यात तो त्याच हाताने तिला उचलतो. कसा?' असं लिहून चार चांदण्या. 'बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये' म्हणून तीन चांदण्या. आणि एकदा तर सरळ: 'वीस भाग झाले. यांना लघवीला लागत नाही का?'

लेखकरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाईंमुळे सरासरी पाचावरून चार पूर्णांक नऊवर आली होती आणि 'सुवर्ण लेखक' हा बिल्ला हातातोंडाशी येऊन अडकला होता. घरी येऊन त्यांनी बायकोपुढे तणतण केली.

"बरोबर विचारतायत की त्या," बायको म्हणाली.

"तू वाचतेस?"

"मी कशाला वाचू? पण प्रश्न बरोबर आहे."

अशातच सदुसष्टाव्या भागाच्या दुसऱ्या दिवशी नर्सबाईंची लिंक आली. शीर्षक होतं 'अखेरचा दिवस'. लेखकराव तेव्हा फोनवर एका बारीक आवाजाच्या गृहस्थांना दाराला हात लावू नका म्हणून सांगत होते. त्यांनी चार नंबर चिकटवला आणि पुढे सरकले.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. "अहो, बघा तरी काय लिहून ठेवलंत!"

ती रहस्यकथा नव्हती. कथाच नव्हती. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले आपले यजमान काल सकाळी गेले, असं बाईंनी दहा-बारा ओळींत लिहिलं होतं. शेवटी घरचा पत्ता दिला होता, कोणाला भेटायला यायचं असेल तर म्हणून. त्याखाली मंडळाची रांग लागली होती. 'डोळ्यांत पाणी आणलंत'वाल्यांचं चुकून बरोबर ठरलं होतं. आणि मध्येच ठसठशीत लेखकराव: 'शेवट अगदी अनपेक्षित. मजा आली. पुढचा भाग लवकर येऊ द्या.' खाली बाईंनी दोनच शब्द विचारले होते: 'वाचलंत का?'

अध्यक्षांनी स्वतः 'पहिलाच प्रयत्न दिसतो, शैलीत चमक आहे' असं लिहिलं होतं, पण ते त्यांनी फोन करण्याआधी पुसून टाकलं होतं. बँकेतला माणूस. लेखकरावांनीही आपलं पुसलं. पुसलं की झालं, अशी मोबाईलवर सोय असते.

त्यानंतर नर्सबाई गप्प झाल्या. एक ओळ नाही, एक चांदणी नाही. सरासरी भराभर वर चढली आणि पंधरवड्यात लेखकरावांच्या नावापुढे सोनेरी बिल्ला लागला. मंडळाने एकोणतीस पुष्पगुच्छांची चित्रं पाठवली. लेखकरावांना आकाश ठेंगणं व्हायला हवं होतं, पण नेमका तेव्हाच सत्त्याहत्तरावा भाग आडवा आला. त्या भागात नायकाला आईचा फोन येतो. टाकून झाल्यावर दुपारी डबा खाताना लेखकरावांच्या लक्षात आलं, की आपला नायक तिसऱ्या भागापासून अनाथ आहे. घास तोंडातच राहिला. त्यांनी मोबाईल उघडला. एकोणतीस अभिप्राय आले होते. 'आईची माया ती आईची माया!' 'आई आठवली.' 'डोळ्यांत पाणी आणलंत. शब्द अपुरे आहेत.' हा तर त्यांचाच दोन नंबर होता, कोणीतरी उचललेला.

ते दिवसभर वाट बघत राहिले. कोणीतरी विचारेल, कोणीतरी चिडेल, निदान एक चांदणी कापेल. कोणीच काही बोललं नाही. अकरा हजार वाचनांचा आकडा पडद्यावर झळकत होता आणि वाचणारं तिथे कोणी नव्हतं. वाचत होत्या त्या एकट्या नर्सबाई, आणि त्यांना आपण पळवून लावलं. आपल्या वाईट वागण्याची लाज लेखकरावांना पंधरा दिवस वाटली नव्हती. वाचक गेल्यावर मात्र ती लगेच वाटली.

रविवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला.

"माफी मागायची असेल तर नुसती माफी मागा," बायको दारातून म्हणाली. "कादंबरीचा विषय काढू नका."

"छे, छे," लेखकराव म्हणाले. जिना उतरताना 'आणि पुढचे भाग वाचून बघा' हे वाक्य कुठे बसवावं याचा ते विचार करत होते.

नर्सबाई तिसऱ्या मजल्यावर राहत. इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे लेखकराव धापा टाकतच दारात उभे राहिले आणि नाव सांगताच बाईंनी त्यांना आत घेतलं. रागावलेल्या दिसल्या नाहीत, थकलेल्या दिसल्या. खिडकीपाशी एक लोखंडी कॉट होती, गादी गुंडाळून दोरीने बांधलेली. औषधांचं स्टूल रिकामं.

लेखकरावांनी पाठ केलेली माफी मागितली. मध्येच अडखळले, कारण कॉटकडे बघून बोलवेना.

"तुम्हीच एकटे आलात," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना पत्ता दिसला नसेल. शेवटी होता ना."

"तुम्ही वाचायचं थांबवलंत," लेखकराव बोलून गेले. बायकोची आठवण होऊन त्यांनी जीभ चावली.

"मी कुठे वाचत होते? हे ऐकत होते. मी नुसती मोठ्यांदा वाचून दाखवायची. रोज सकाळी अंग पुसून झालं, की म्हणायचे, 'आण त्या लिफ्टवाल्यांना.' हात मोडल्याचं, पाणी ओतल्याचं, सगळं त्यांनीच पकडलेलं. ते सांगायचे तसं मी टाइप करायची. अर्धा दिवस त्यावर वाद घालायचे माझ्याशी. लघवीचं विचारलं, तेव्हा स्वतःच इतके हसले, की मला त्यांना ऑक्सिजन लावावा लागला."

लेखकरावांकडे नऊपैकी या प्रसंगाला बसेल असा एकही क्रमांक नव्हता.

"एकच विचारायचे. ती दोघं बाहेर पडतात का? मी म्हणायची, पुढच्या भागात पडतील. तुम्ही पाडेचनात. मग मावशीचं लग्न काढलंत." बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "शेवटी काय ठरवलं होतंत तुम्ही?"

लेखकरावांनी खरं सांगितलं. "ठरवलंच नव्हतं."

"तीन महिने?"

"संपली की यादीतून खाली जाते."

हे वाक्य त्यांनी मंडळात अनेकदा अभिमानाने म्हटलं होतं. या खोलीत ते म्हटल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली.

"मला वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी त्यांना काही फार वेळ नाही हे मला दिसत होतं. चाळीस वर्षं तेच बघितलंय. मग मी मोबाईल हातात धरला आणि वाचतेय असं दाखवून आपल्या मनानेच सांगितलं."

"काय सांगितलंत?" लेखकराव खुर्चीत पुढे सरकले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना पुढे काय होतं हे जाणून घ्यायची घाई झाली होती.

"काय सांगणार? कोणीतरी कंपनीला फोन केला. मेकॅनिक आला. दार उघडलं. दोघं एकमेकांचा हात धरून बाहेर पडली आणि जिन्याने खाली गेली." बाईंनी पदराने चष्मा पुसला. "हे ऐकून ते म्हणाले, माणसाला आज जमलं बुवा. याला पाच चांदण्या दे."

दिवसाला पंधरा मेकॅनिक पाठवणाऱ्या माणसाला सत्त्याहत्तर भागांत एक पाठवावासा वाटला नव्हता.

"तुमच्या नावावर सांगितलं मी ते," बाई म्हणाल्या. "चालेल ना?"

लेखकराव चालेल म्हणाले.