मोबाईल मागणारा शेजारी

"हलू नका काका! मोबाईलले हातच लावू नका!" मेडशीच्या बांधावर तो असा ओरडला, की मालेगाव तालुक्यातली निम्मी वानरं तरी झाडावरून पडली असतील.

हा माझा वाशीमचा शेजारी. मळणीचं थ्रेशर भाड्यानं बोलवायचं अ‍ॅप एकटाच बनवतो. लग्नात भेटला तरी आधी तुमचा मोबाईल मागतो, त्यावर अ‍ॅप चालवून बघतो आणि मग नवरदेवाकडे वळतो. सोयाबीन काढणीला चार दिवस उरले होते आणि मेडशीच्या या शेतकरी काकांच्या मोबाईलवर अ‍ॅप पुढे सरकतच नव्हतं. "उद्या साऱ्या बुढ्यांच्या मोबाईलवर असंच झालं तं माया हंगाम गेला," म्हणत त्यानं मला मेडशीच्या एसटीत कोंबलं.

"सापडलं!" काकांनी मोबाईलमधली अक्षरं भाकरीएवढी मोठी करून ठेवली होती, त्यामुळे 'पुढे'चं बटण पडद्याखाली गेलं होतं. त्यानं बांधावरच लॅपटॉप उघडून बटण वर आणलं आणि अशी उडी मारली, की पाखरं थेट अकोल्यात उतरली.

"बोलवा आता थ्रेशर, काका!"

काका म्हणाले, "थ्रेशर तं माया भावाचंच हाय. तुयं अ‍ॅप चालते का, ते पाहून राह्यलो होतो."