मोठ्या बाईंची बोहनी

रिकामं टेबल दिसलं की मोठ्या बाईंचा चेहरा खुलायचा. दर्शनी दालनात आम्ही सकाळी पुस्तकं मांडायची आणि संध्याकाळी जितकी कमी उरतील तितक्या बाई खूश. "उरलेली भाजी आणि उरलेली पुस्तकं, दोष मांडणारीचा," असं म्हणायच्या. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या वाचनालयाच्या त्या ग्रंथपाल. मानाने मोठ्या, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या.

त्या निवृत्त व्हायच्या वर्षी संस्थेच्या मनात आलं की वाचक पुस्तकं नेत नाहीत, तर हे दालन क्लासवाल्यांना द्यावं. म्हणजे पुस्तकं पुन्हा मागच्या अंधाऱ्या खोलीत. बाई भांडल्या नाहीत. "मी जाईपर्यंत थांबा, तोवर माणसं तयार करते," एवढंच म्हणाल्या. तिन्ही शाखांच्या कर्मचाऱ्यांसाठी मांडणीची कार्यशाळा ठरली आणि तिची आखणी माझ्या गळ्यात पडली.

मी झकास आराखडा केला. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, ग्रंथप्रदर्शनाचे महत्त्व, चहापान, आभार. बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला.

"पत्रिका छान छापलीस गं. नवरी कुठाय?"

"म्हणजे?"

"यात वाचक कुठाय? आधी एक टेबल मांडून दाखवा. मग आखू."

दसरा जवळ आला होता. आम्ही जीव ओतला. झेंडूची तोरणं, समई, पुढे गालिच्याएवढी रांगोळी. लोक आले, चपला काढल्या, हात जोडले आणि गेले. एका आजोबांनी तर नातीच्या हातावर चापट मारली, "देवाच्या वस्तूला हात नाही लावायचा!" बाई दिवसभर बाकावर बसून बघत होत्या. संध्याकाळी आम्ही बोलणी खायच्या तयारीने उभ्या राहिलो.

"देखणं झालंय," बाई म्हणाल्या. "पण हे देऊळ झालं. रांगोळी ओलांडून पुस्तक कोण घेणार?"

कॅम्प पाच या वस्तीतल्या शाखेतली कविता नुकतीच नोकरीला लागली होती, आमच्याकडे काम शिकायला यायची. तिच्या वडिलांचं तिथे कपड्यांचं दुकान. ती भीत भीत म्हणाली, "बाई, आमच्या दुकानात पण सेम होतं. एकदम टिपटॉप लावलं ना, तर कस्टमर बघून निकल जातो. पप्पा बोलतात, एक बोहनी होऊ दे, मग बघ लाइन."

बाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. "सापडला विषय! बोहनी आपणच करायची." सगळं आयुष्य पुस्तकांत काढलेली बाई, पण कालच्या पोरीकडून शिकताना कसला संकोच नाही. मी बघतच राहिले.

कार्यशाळेला ना व्यासपीठ, ना समई. वाचनालय नेहमीसारखं उघडं, आणि आम्हा प्रत्येकाला एक टेबल. बाईंनी भरल्या टेबलाच्या मधोमधून एक पुस्तक काढून घेतलं. "भरल्या ताटातलं पहिलं भजं कुणी उचलत नाही. एक आपण उचलायचं. कुणीतरी नेलंय, असं दिसू दे."

शिरगाव शाखेचे भोईरदादा डोकं खाजवत म्हणाले, "म्हंजे बाई, सजवायचा नाय, जरा इस्कटायचा?"

"अगदी! इस्कटायचा!" दादांनी लगेच आपल्या टेबलावरचं मधलं पुस्तक उचललं.

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. हात मागे बांधून भोईरदादांच्या टेबलापुढे बराच वेळ रेंगाळले. मग इकडेतिकडे बघत त्या मोकळ्या जागेशेजारचं परसबागेचं पुस्तक त्यांनी हळूच उचललं आणि विचारलं, "हे घरी नेता येतं का?"

"कार्ड आणलंय?" बाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

दुपारपर्यंत सगळ्या टेबलांना भोकं पडली होती. दालन आमचंच राहिलं.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी आम्हाला शालबिल आणू दिली नाही. भरल्या टेबलावरून स्वतःच्या कार्डावर एक पुस्तक घेतलं, "झाली बोहनी," म्हणाल्या आणि बदलापूरला घरी गेल्या. पुढच्या दिवाळीआधीच त्या वारल्याचं कळलं. अचानक. मला पोरकं वाटलं.

काही दिवसांनी त्यांचा मुलगा ते पुस्तक परत करायला आला. आत बाईंची खूण होती, बसचं तिकीट, बरोबर मध्यावर. कविता म्हणाली, "मॅडम, हे काचेच्या कपाटात ठेवू या ना. बाईंची आठवण." खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. हार घालावा, समई लावावी असंसुद्धा मनात आलं. मग मी तिकीट तसंच आत ठेवून पुस्तक टेबलावर मधोमध मांडलं.

संध्याकाळी बघितलं तर ती जागा मोकळी होती. मला रडू फुटलं. कवितानं माझा हात धरला. "बोहनी झाली, मॅडम," ती म्हणाली.